जुन्या जलरंगातील रस्ता पाहताना आणि जपताना या चुका टाळा

लुईझ रेनर (१८३२–१९२४) या चित्रकर्तीने इंग्लंडमधील चेस्टर शहराचे रस्ते जलरंगात पुन्हापुन्हा रंगवले. लाकडी चौकटींची काळी-पांढरी घरे, पहिल्या मजल्यावरच्या आच्छादित वाटेने जाणारी दुकानांची रांग आणि खाली बाजारहाट करणारी माणसे, असा हा भरलेला रस्ता असतो.

अशी चित्रे पाहताना होणारी मोठी चूक आकाशाबाबतची आहे. आकाश गुलाबी दिसले की आपण संध्याकाळ समजून मोकळे होतो. परंतु त्या काळी ढगांचा करडा रंग पुष्कळदा नीळ आणि लोहयुक्त तांबडा मिसळून केला जाई. वर्षानुवर्षे उजेडात राहून नीळ विटते आणि तांबडा तेवढा मागे उरतो. रसेल आणि ॲबनी या ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या १८८८ च्या अहवालात नीळ व कारमाइन (एक गडद लाल रंग) उजेडाने उडतात, हे प्रयोगांनी दाखवले होते. शंका आल्यास रस्त्यावरच्या सावल्या पाहाव्यात. त्या आखूड असतील, तर ती संध्याकाळ नव्हे. चौकट उघडण्याची वेळ आलीच, तर माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या किनारीखाली, झाकून राहिलेली बोटभर पट्टी अवश्य न्याहाळावी. तिथे आकाश निळसर करडे निघाले, म्हणजे चित्रकर्तीने योजलेला मूळ रंग तोच.

काळ ठरवताना घरांच्या जुनेपणावर विसंबू नये. चेस्टरच्या मुख्य चौकातील मध्ययुगीन भासणारी कोपऱ्याची इमारत लॉकवुड या वास्तुरचनाकाराने १८८८ मध्ये उभारली. ईस्टगेट या शहराच्या पूर्वेकडील वेशीच्या कमानीवर घड्याळ दिसत असेल, तर चित्र १८९९ च्या आधीचे असू शकत नाही, कारण ते त्याच वर्षी बसवले गेले. कागदातील जलचिन्हावरचे (वॉटरमार्कवरचे) वर्ष कागदाचे असते, चित्राचे नव्हे.

जुन्या कागदावर पडलेले तपकिरी डाग ओल्या फडक्याने किंवा खोडरबराने पुसण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. चित्रातल्या टोप्या, पाट्या, खिडक्यांच्या कडा यांवरचे अपारदर्शक पांढऱ्या रंगाचे ठिपके डिंकाच्या आधाराने टिकलेले असतात आणि पाणी लागताच सुटतात. हे काम कागद-संवर्धकाचेच आहे. मुंबई-कोकणातल्या दमट घरात चित्र बाहेरच्या भिंतीला चिकटवून टांगू नये. चौकटीमागे हवा खेळती ठेवावी, माउंट आम्लविरहित घ्यावा आणि चित्रावरचा उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आत ठेवावा.