टाकी फुल, काटा रिकामा

पोवई नाक्यावर टाकी फुल केली, तरी आबांच्या जुन्या अ‍ॅम्बॅसिडरचा काटा 'ई'वरून हलेना. "मीटर गेलं, बदला," मेकॅनिक म्हणाला. पण टेम्परेचरचा काटा नीट चालत होता; म्हणजे दोन्ही मीटरांना सप्लाय देणारा स्टॅबिलायझर ठीक. मग टाकीवरच्या फ्लोटची (पेट्रोलची पातळी मीटरला कळवणाऱ्या तरंगत्या भागाची) वायर काढली, तिला लांब वायर जोडून टाकीपासून दूर बॉडीला टेकवली. पेट्रोलजवळ ठिणगी नको रे बाबा! चावी फिरवली, काटा हळूहळू 'एफ'कडे चढला. लगेच वायर काढली. (काही जुन्या मीटरांत हे उलटं होतं, बरं का.) काटा चढला म्हणजे मीटर आणि वायर ठीक; राहिला फ्लोट, नाहीतर त्याचं अर्थिंग, म्हणजे बॉडीशी असलेली जोडणी. अर्थिंगच्या स्क्रूखाली गंजाचा तांबूस पापुद्रा! पॉलिश पेपरनं घासून स्क्रू आवळला, काटा वर. आबा अजूनही टाकीत काठी घालून बघतातच.