मानेच्या मणक्यांच्या शस्त्रक्रियेनंतर कंबर दुखते तेव्हा

मानेतील खराब झालेली गादी काढून मणके जोडताना मधल्या जागेत हाडाचा तुकडा बसवावा लागतो. हल्ली पुष्कळदा तेथे कृत्रिम केज, म्हणजे छोटा पोकळ ठोकळा, वापरतात. परंतु तुकडा रुग्णाच्याच कंबरेच्या हाडातून काढला असेल, तर सुरुवातीचे काही आठवडे मानेपेक्षा ती जागाच अधिक दुखू शकते. माझ्या आईचे असेच झाले. याची कल्पना आधी कोणी न दिल्यामुळे काहीतरी बिघडले आहे, या धास्तीत आम्ही कितीतरी रात्री जागून काढल्या.

त्या हाडाला पोटाचे आणि नितंबाचे स्नायू चिकटलेले असल्यामुळे उठताना, खोकताना, पाऊल टाकताना ते ओढले जातात. म्हणून सरळ उठून बसू नये. गुडघे वाकवून, खांदे आणि कंबर एकदमच वळवून दुखऱ्या नसलेल्या कुशीवर यावे, पाय खाली सोडावेत आणि हातांच्या रेट्याने उठावे. खोकला आला की त्या जागेवर लहान उशी हलकेच दाबून धरावी. काठी दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात घ्यावी. चाळीचे जिने चढताना आधी चांगला पाय टाकावा, उतरताना आधी दुखरा. आईच्या परकराची नाडी नेमकी टाक्यांवर येत असे. सैल गाऊन घातल्यावर तिला लगेच उतार वाटला. मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा किंवा आग जाणवली, तर जवळून जाणारी नस दुखावलेली असू शकते. हे बहुधा हळूहळू कमी होते, तरी डॉक्टरांना सांगावे.

मेडिकलमधून स्वतःच्या मनाने वेदनाशामक गोळ्या आणू नयेत, कारण त्यांतील काहींमुळे हाड जुळण्यास उशीर होऊ शकतो. सिगारेट, तंबाखू आणि मिश्रीही पूर्ण बंद हवी. घरातील वडीलधाऱ्या बायकांची मिश्री सोडवणे किती कठीण असते हे मी जाणते, तरीही याबाबत सूट देऊ नये.

गिळताना त्रास होत असेल तोवर पेज किंवा मऊ भात द्यावा. हाड जुळण्यास साधारण 3 ते 6 महिने, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत लोकलच्या गर्दीत शिरू नये, डोक्यावरची कडी धरून उभे राहू नये.

ताप, जखमेतून पू, हातापायांत नवा अशक्तपणा किंवा लघवीवरचा ताबा सुटणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. गळा सुजून श्वास अडू लागल्यास मात्र क्षणही न दवडता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.