नळदुरुस्तीच्या वेळी गिझर बंद करताना या चुका टाळा

बाथरूममधला गळका मिक्सर बदलायचा असो किंवा सीपीव्हीसी (गरम पाण्यासाठीच्या प्लास्टिकच्या) पाइपचा फुटलेला जोड, सांगली-मिरजेतल्या बहुतेक घरांत कामाची सुरुवात गच्चीवरच्या टाकीची चावी बंद करण्यापासून होते आणि गिझरची आठवण प्लंबरने पाना हातात घेतल्यावर होते. हा क्रम उलटा हवा. गिझरमध्ये वीज, तापलेले पाणी आणि दाब या तिन्ही गोष्टी एकत्र असतात, त्यामुळे वीज सर्वांत आधी बंद करायची आणि काम संपल्यावर सर्वांत शेवटी सुरू करायची, हा नियम कोणत्याही घाईत मोडता कामा नये.

दिवा विझला म्हणजे वीज बंद झाली, असे मानणे

गिझरवरचा लाल दिवा अनेक मॉडेलांत फक्त कॉइल तापत असल्याचे दाखवतो. पाणी ठरलेल्या तापमानाला पोहोचले की थर्मोस्टॅट कॉइलची वीज तोडतो आणि दिवा विझतो, परंतु गिझरपर्यंत आलेल्या तारांमध्ये वीज असतेच, आणि पाणी थोडे निवले की कॉइल कोणाला न विचारता पुन्हा सुरू होते. भिंतीवरच्या बटणावरही पूर्ण भरवसा ठेवू नये. साधे बटण एकच तार तोडते, आणि साताऱ्याच्या पेठांमधल्या जुन्या घरांत, जिथे वायरिंगची डागडुजी वेगवेगळ्या हातांनी वेगवेगळ्या काळात झालेली असते, तिथे बटण फेजऐवजी (वीज आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) बसवलेले असू शकते. अशा ठिकाणी बटण बंद असूनही गिझरच्या आत फेज पोहोचलेली असते. म्हणून बटण बंद करून प्लग सॉकेटमधून बाहेर काढावा. प्लग नसून तारा थेट जोडलेल्या असतील, तर त्या गिझरचा एमसीबी (वीजपेटीतला खटका) खाली पाडावा, त्यावर चिकटपट्टी लावावी आणि घरातल्या सर्वांना सांगून ठेवावे. टेस्टरने खात्री करताना टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून पाहावा, कारण बिघडलेला टेस्टरही ‘वीज नाही’ असेच दाखवतो.

वीज गेलेली असताना काम उरकून घेण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. महावितरणचा पुरवठा केव्हा परत येईल हे आपल्या हातात नसते, आणि बटण चालूच राहिले असेल तर अर्धवट उघडलेल्या रिकाम्या गिझरला वीज मिळते. वीज नसली तरी एमसीबी पाडूनच काम सुरू करावे.

नळ कोरडा झाला म्हणजे गिझर रिकामा झाला, असे समजणे

भाजण्याचे प्रकार या गैरसमजातून होतात, म्हणून हा मुद्दा नीट समजून घ्यावा. साठवणीच्या गिझरमध्ये थंड पाणी तळाशी आत येते आणि गरम पाणी बाहेर नेणाऱ्या नळीचे तोंड टाकीच्या आत वरच्या टोकाजवळ असते. खालून येणाऱ्या थंड पाण्याने ढकलल्याशिवाय वरचे गरम पाणी त्या नळीत उतरत नाही. त्यामुळे इनलेटची (थंड पाणी आत येण्याच्या तोंडाची) चावी बंद केली की नळाची धार थोड्याच वेळात थांबते, आणि तरीही १५ किंवा २५ लिटरची टाकी काठोकाठ भरलेलीच असते. अशा वेळी गिझरखाली उभे राहून, मान वर करून जोडणीच्या पाइपचा नट सैल केला की आधी दोन-चार थेंब पडतात, मग आट्यांमधून पाण्याची पातळ चादर सुटते आणि ती मनगटावरून थेट कोपरापर्यंत उतरते. पाणी ६० अंशांचे असेल तर पाच-सहा सेकंदांतही त्वचा खोलवर भाजू शकते, आणि स्टुलावर उभ्या असलेल्या माणसाला तेवढ्या वेळात बाजूला होणे जमेलच असे नाही.

उपाय सोपा आहे, फक्त तो चावी बंद करण्यापूर्वी करावा लागतो. वीज तोडल्यावर टाकीचे पाणी चालू असतानाच गरम पाण्याचा नळ सोडावा आणि हाताला गार लागेपर्यंत पाणी वाहू द्यावे. १५ लिटरच्या गिझरला त्यासाठी साधारण दीड-दोन बादल्या लागतात, आणि ते पाणी धुण्याभांड्याला वापरता येते. त्याच वेळी गार पाण्याची एक बादली भरून बाथरूमच्या दाराशी ठेवावी. भाजल्यावर पहिला उपचार गार पाण्याचा असतो, आणि नेमके त्याच वेळी घरातले सगळे नळ बंद असतात.

गिझर भिंतीवरून उतरवायचा असेल, तर गरम पाण्याचा नळ उघडा ठेवून टाकीत हवा जाऊ द्यावी आणि मग खालची जोडणी सोडून तो पूर्ण रिकामा करावा. २५ लिटरच्या गिझरमध्ये पाण्याचेच वजन २५ किलो असते, त्यामुळे भरलेला गिझर एकट्याने पेलण्याचा प्रयत्न करू नये.

उलट प्रकारही घडतो. इनलेटवर एकदिशा झडप असते, पण बोअरच्या जड पाण्याचा क्षार तिच्यात साचला की ती घट्ट बसत नाही. मग खालच्या मजल्यावरची लाइन उघडताच गिझरमधले पाणी मागच्या मागे निघून जाते आणि वर कोणाला पत्ता लागत नाही. गिझरला कोणी हात लावला नाही म्हणजे तो भरलेलाच आहे, हे गृहीत धरता येत नाही. अपार्टमेंटमध्ये याचा त्रास शेजाऱ्यांना होतो. सांगलीतल्या विश्रामबागेसारख्या भागात एका टाकीवर अनेक फ्लॅट असतात, तेव्हा सामाईक चावी फिरवण्यापूर्वी प्रत्येक दारावर जाऊन ‘काकू, तासभर पाणी बंद राहील, तोवर गिझरचे बटणही बंद ठेवा’ असे सांगून येणे हा कामाचाच भाग आहे.

सेफ्टी व्हॉल्व्हचे तोंड बंद करणे

पाणी २५ अंशांवरून ७५ अंशांपर्यंत तापले की सुमारे दोन टक्क्यांहून थोडे अधिक प्रसरण पावते. १५ लिटरच्या गिझरमध्ये ही वाढ लिटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी होते. त्यामुळे पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून (जास्तीचा दाब सोडणाऱ्या झडपेतून) थेंब पडणे स्वाभाविक आहे. फरशी ओली होते म्हणून त्या तोंडाला डमी (बूच) लावणे किंवा ते टेफ्लॉन टेपने बुजवणे अत्यंत धोक्याचे आहे. इनलेट बंद, वीज चालू आणि सेफ्टी व्हॉल्व्ह बुजलेला, अशा स्थितीत थर्मोस्टॅटही अडकला तर टाकी फुटू शकते. गळती थेंबांची न राहता सतत धार लागली असेल, तर व्हॉल्व्ह बदलावा.

सोलर आणि गॅसचा विसर पडणे

गच्चीवर सोलर असलेल्या घरात थंड पाण्याची चावी बंद करून भागत नाही, कारण सोलरच्या टाकीतले गरम पाणी स्वतःच्या उताराने खाली येतच राहते. काही ठिकाणी पावसाळ्याची सोय म्हणून सोलरची लाइन गिझरच्या इनलेटला जोडलेली असते. तिथे सोलरच्या आउटलेटची चावीही बंद करावी. हवा आणि वाफ बाहेर सोडणारा व्हेंट पाइप मात्र कधीही बंद करू नये. काचेच्या नळ्यांचा सोलर दुरुस्तीसाठी रिकामा केला असेल, तर भर उन्हात त्यात पाणी सोडू नये. कोरड्या नळ्या उन्हात २०० अंशांच्या आसपास तापतात आणि थंड पाणी लागताच तडकतात. सूर्योदयापूर्वी, किंवा संध्याकाळी नळ्या निवल्यावर पाणी भरावे.

गॅस गिझर पाण्याच्या प्रवाहावर पेटतो. काम चालू असताना कोणी सहज नळ सोडला तरी बर्नर पेटू शकतो, म्हणून सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून गिझरमधले सेल काढून ठेवावेत.

घाईने पुन्हा सुरू करणे

दुरुस्ती झाली, पाणी सोडले आणि पाहुणे आंघोळीला थांबलेत म्हणून लगेच बटण दाबले, यात कॉइल जळते. इनलेट उघडल्यावर गरम पाण्याचा नळ उघडा ठेवावा. सुरुवातीला नळ फुरफुरतो, हवा आणि पाणी आलटून पालटून येते, क्षाराचे कण दिसतात. धार अखंड आणि स्वच्छ होईपर्यंत थांबावे, कारण पाणी टाकीच्या माथ्यापर्यंत भरल्याची खूण तीच आहे. नळाच्या तोंडची जाळी कामापूर्वीच काढून ठेवली तर कचरा तिच्यात अडकत नाही. तीन लिटरच्या इन्स्टंट गिझरबाबत अधिक सावध राहावे. तीन किलोवॉटची कॉइल तेवढे पाणी तीन मिनिटांत ४० अंशांनी तापवते, मग कोरड्या टाकीत ती जळायला किती वेळ लागेल याची कल्पना करता येईल.

सीपीव्हीसीचा नवा जोड चिकटवला असेल, तर सोल्युशनच्या डब्यावर छापलेला वेळ पूर्ण होण्याआधी त्यातून गरम पाणी सोडू नये, मग त्या दिवशी पाणी चुलीवर तापवावे लागले तरी चालेल. शेवटी हात कोरडे करून बटण चालू करावे आणि पाणी पहिल्यांदा तापेपर्यंत जवळपास थांबून प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून पाहावा. आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा खटका) पडला तर तो पुन्हा पुन्हा वर करून पाहू नये. प्लग काढून ठेवावा आणि इलेक्ट्रिशियनने कॉइल व अर्थिंग तपासेपर्यंत त्या बाथरूममध्ये गिझर वापरू नये.