लॅटिनो पेशंटची शुगर ऑनलाइन टीमने सांभाळायची तर सुरुवात कुठून करायची

अमेरिकेत कम्युनिटी क्लिनिकमध्ये काम करणारे आपले बरेच जण आहेत, डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, आयटीवाले पण, आणि कधीतरी कुणाच्या तरी गळ्यात हे काम पडतंच की आपल्याकडे डायबेटिसचे स्पॅनिश बोलणारे एवढे पेशंट आहेत, त्यांच्यासाठी ऑनलाइन टीम केअर चालू करा. मी कॅलिफोर्नियातल्या शेतीच्या पट्ट्यात अशाच एका क्लिनिकमध्ये फार्मासिस्ट आहे. सगळे आधी ॲप कुठलं घ्यायचं यावर महिनाभर मीटिंगा करतात, आम्हीही केल्या, तो वेळ वाया गेला असं माझं स्पष्ट मत आहे. पेशंट ज्या बाईशी मोकळेपणाने बोलेल ती आधी टीममध्ये हवी, मग साधा फोन असला तरी गाडी चालू लागते.

हे काम मनापासून का करायचं ते एका आकड्यात कळेल. सीडीसी, म्हणजे अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था, म्हणते की अमेरिकेतल्या कुठल्याही माणसाला आयुष्यात कधीतरी टाइप २ डायबेटिस होण्याची शक्यता ४० टक्के आहे, लॅटिनो, म्हणजे मूळ लॅटिन अमेरिकेतल्या, माणसाला ५० टक्क्यांहून जास्त. म्हणजे बहुतेक घरांत कुणीतरी आधीच या आजारातून गेलेलं असतं, वडलांचा पाय गेला, आजीची नजर गेली, आणि समोरचा पेशंट ते सगळं डोक्यात ठेवून तुमच्याशी बोलत असतो.

टीम म्हणजे कोण? डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनर, फार्मासिस्ट, डाएटिशियन, नर्स, जमल्यास मानसिक आरोग्याचं कुणीतरी, आणि प्रोमोतोरा. प्रोमोतोरा म्हणजे त्याच वस्तीतली, त्याच भाषेत वाढलेली, ट्रेनिंग घेतलेली आरोग्यसेविका, आपल्याकडच्या आशाताई आठवा. टीमचा चेहरा तीच. पहिला फोन तिचाच जायला हवा, आणि पुढेही दर वेळी नवा माणूस स्क्रीनवर येण्यापेक्षा आधी ती येते, दोन मिनिटं घरच्यांची चौकशी करते, "आज औषधवाल्या ताई पण आहेत बरं का" असं सांगते आणि मग मी बोलते. घाई करू नका या दोन मिनिटांत. स्पॅनिशमध्ये याला कॉन्फिआन्सा म्हणतात, विश्वास, आणि तो बसला नसेल तर पेशंट आदराने "सी, सी" म्हणत राहतो, तुम्हाला वाटतं सगळं समजलं, आणि घरी काहीच होत नाही. म्हणून कळलं का असं विचारूच नका, "आता तुम्ही ही गोळी कशी घेणार ते मला सांगा" असं म्हणा.

सुरुवातीची यादी काढताना एवनसी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी, ९ टक्क्यांच्या वर असलेले आधी घ्या, फेडरल म्हणजे केंद्र सरकारच्या पैशावर चालणाऱ्या क्लिनिकांना तो आकडा दरवर्षी तसाही कळवावा लागतोच, त्यामुळे सिस्टीममध्ये यादी तयार मिळते. पहिला कॉल साधा ऑडिओ ठेवा, आणि संध्याकाळी. सकाळी ९ ते ५ मध्ये हा माणूस शेतात असतो, पॅकिंग शेडमध्ये असतो किंवा कुणाच्या घरी साफसफाईला. आणि तुमच्या क्लिनिकमध्ये इमिग्रेशनचे कागद विचारत नसतील तर ते सुरुवातीलाच आपणहून सांगून टाका, पैशाचं उत्पन्नाप्रमाणे बघू हेही.

दुसरा कॉल व्हिडिओ, आणि त्यात एकच काम, औषधांची पिशवी. घरात जेवढ्या गोळ्या, सिरप, चहाच्या पुड्या आहेत त्या सगळ्या टेबलावर ओतायला सांगायच्या. ऑनलाइनचा खरा फायदा मला इथे दिसला, क्लिनिकमध्ये पेशंट फक्त आमच्या बाटल्या घेऊन येतो. एक बाई होत्या, पन्नाशीच्या, पहाटे चारला उठल्यावर हातपाय थरथरायचे, मीटरवर ६२, ५८ असे आकडे. फोन तोर्तियाच्या, म्हणजे त्यांच्या मक्याच्या पातळ पोळीच्या, प्रेसला टेकवून ठेवलेला आणि त्या एकेक डबी कॅमेऱ्यासमोर धरत होत्या. आमची मेटफॉर्मिन, आमची ग्लिपिझाइड, आणि मग एक वेगळाच खोका, बहिणीने मेक्सिकोहून आणलेला, ग्लिबेनक्लामाइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी. अमेरिकेत ग्लिबेनक्लामाइडला ग्लायब्युराइड म्हणतात त्यामुळे नाव ओळखीचं वाटत नाही, पण ग्लिपिझाइडच्याच घरातली आहे, दोन्ही एकदम घेतल्या की शुगर धाडकन खाली येणारच. बाईंना मी रागावले नाही, आईला त्या गोळीने गुण आला होता म्हणून घेत होत्या, त्यात चूक काय? डॉक्टरांना लगेच मेसेज टाकला, त्यांनी तिथल्या तिथे एक गोळी बंद केली, आणि प्रोमोतोराने आठवडाभर रोज सकाळी फोन केला. फार्मासिस्टचा डॉक्टरांशी लेखी करार असेल तर राज्याच्या नियमांप्रमाणे तो स्वतःही डोस बदलू शकतो, तो करार आधीच करून ठेवा, नाहीतर सहीसाठी चार दिवस जातात.

इन्सुलिनबद्दल जपून बोला. बऱ्याच घरांत असं मानतात की इन्सुलिनने माणूस आंधळा होतो, कारण मामाने इन्सुलिन सुरू केलं आणि वर्षभरात नजर गेली. खरं तर इन्सुलिन खूप उशिरा सुरू झालेलं असतं, डोळे आधीच खराब झालेले असतात, पण हे लेक्चर देऊन पटत नाही, आधी "तुमच्या घरात कुणी घेतलं होतं? काय झालं त्यांचं?" असं विचारा आणि पूर्ण ऐका. आणि "शुगर उतरली नाही तर इन्सुलिन द्यावं लागेल" ही धमकी टीममधल्या कुणीही कधीही द्यायची नाही. सुस्तो म्हणजे जबर धक्का बसल्याने डायबेटिस झाला असंही काही जण सांगतात, त्यावर वाद घालू नका, तो धक्का कुठला होता ते विचारा, कित्येकदा त्यातून घरातलं एखादं मोठं दुःख बाहेर येतं आणि मानसिक आरोग्यवाल्यांना त्या क्षणी जोडून देता येतं.

जेवणाचं थोडक्यात. तोर्तिया बंद करा असं सांगणारा डाएटिशियन टीममध्ये नको. मक्याच्या एका छोट्या तोर्तियात साधारण १५ ग्रॅम कार्ब असतात, दोन खा, अर्धं ताट भाज्यांनी भरा, नोपालेस म्हणजे निवडुंगाची भाजी चालते, फ्रिहोलेस म्हणजे राजम्यासारखं कडधान्य तर चांगलंच. पहिला हात घाला तो कोकसारख्या सोड्यावर, ज्यूसवर आणि अगुआ फ्रेस्कावर, म्हणजे साखर घातलेल्या फळांच्या सरबतावर, तिथे सगळ्यात लवकर फरक दिसतो. स्वयंपाक करणारी व्यक्ती कॉलवर हवीच. आणि सगळे लॅटिनो मेक्सिकन नसतात, पोर्तो रिकोच्या घरात तोर्तियाऐवजी भात असेल. मेक्सिकोतल्या वाहाका राज्यातून आलेल्या कित्येक शेतमजुरांची तर स्पॅनिशही दुसरी भाषा असते, ते मिश्तेको किंवा त्रिकी बोलतात, त्यामुळे "घरी कुठली भाषा बोलता" हा प्रश्न पहिल्या फोनवरच विचारा आणि त्या भाषेचा दुभाषा फोनवर घ्या. दहा वर्षांच्या मुलीला दुभाषी करू नका, फेडरल पैसे घेणाऱ्या क्लिनिकला इमर्जन्सी सोडून ते नियमातच बसत नाही, आणि आईच्या पायाच्या जखमेबद्दल त्या पोरीने का बोलायचं?

मेसेजचं म्हणाल तर साधे एसएमएस पुरतात. सॅन दिएगोत दुल्से दिखिताल नावाचा अभ्यास झाला होता, २०१७ साली छापून आला, सहा महिने स्पॅनिश किंवा इंग्लिशमध्ये छोटे मेसेज पाठवले, तर त्या गटाचा सरासरी एवनसी ९.५ वरून ८.५ वर आला आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचा जवळजवळ तिथेच राहिला. पण पेशंटने आकडा पाठवला आणि कुणी उत्तरच दिलं नाही तर तो दुसऱ्यांदा पाठवत नाही, म्हणून कुठल्या दिवशी कोण उत्तर देणार हे नावानिशी ठरवा. पेशंटना व्हॉट्सॲपच सोयीचं वाटतं हे खरं, तरी तब्येतीची माहिती त्यावर नको, तिथे फक्त "आज ६ वाजता कॉल आहे" एवढंच. शुगर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे अर्धा कप ज्यूस, १५ मिनिटं थांबून परत तपासायचं, ५४ च्या खाली गेली तर हेच करून लगेच टीमला फोन आणि शुद्ध हरपत असेल तर ९११. हे स्पॅनिशमध्ये लिहून फ्रिजवर चिकटवायला सांगा आणि व्हिडिओवर बघून घ्या चिकटवलंय का.

आठवड्यातून एकदा पूर्ण टीमने १५ मिनिटं एकत्र बसायचं, ऑनलाइनच, पाच-सहा पेशंट, प्रत्येकाचं पुढचं एकच पाऊल ठरवायचं. बोलायला सुरुवात प्रोमोतोरा करेल, डॉक्टर शेवटी, नाहीतर तिला जे माहीत आहे ते बाहेरच येत नाही. डॉक्टर एक सांगतात, डाएटिशियन दुसरं, असं झालं की पेशंट दोघांचंही ऐकत नाही.

प्रत्येक कॉलच्या सुरुवातीला "आत्ता कुठे आहात?" हे विचारा. कॅलिफोर्नियात सॅलिनासमध्ये लेट्युस काढणारे बरेच मजूर हिवाळ्यात कामामागे अॅरिझोनात यूमाला जातात, आणि राज्य बदललं की डॉक्टरला तिथलं लायसन्स किंवा नोंदणी लागते, शिवाय इमर्जन्सीत रुग्णवाहिका कुठे पाठवायची तेही कळायला हवं. मोसम संपायच्या आधीच गोळ्या तीन महिन्यांच्या देऊन ठेवा. वापरातलं इन्सुलिन ८६ फॅरेनहाइटच्या वर जाऊ द्यायचं नाही, त्यामुळे उन्हात उभ्या गाडीत ते ठेवू नका, डब्याच्या कूलरमध्ये न्या पण बर्फाला चिकटवून नको.

काही गोष्टी स्क्रीनवर होत नाहीत. एवनसी दर तीन महिन्यांनी, आटोक्यात आल्यावर वर्षातून दोनदा तरी, आणि डोळ्याचा पडदा, लघवीतलं प्रोटीन, पायाची पूर्ण तपासणी वर्षातून एकदा. हे सगळं एकाच फेरीत बसवा, कारण एक दिवस सुट्टी म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली. मधल्या महिन्यांत पाय व्हिडिओवर बघता येतात. दिव्याखाली खुर्ची, मोजे काढायचे, फोन नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हातात, आणि आधी तळवा, मग टाच, मग प्रत्येक दोन बोटांमधली जागा, हळूहळू. शेतात बूट दिवसभर ओले असतात, जखम बहुतेक त्या बोटांमध्येच सापडते, आणि सापडली तर पेशंटला दुसऱ्या दिवशी सकाळी क्लिनिकमध्ये बोलवायचं, पुढच्या कॉलची वाट बघायची नाही.