शाळेचा रस्ता सेफ करायचाय? मग आधी कुणाकडे काय मागायचं ते ठरवा

मुलं शाळेत नीट पोचावीत असं सगळ्यांनाच वाटतं, पण मीटिंग घेतली की अर्धा वेळ ट्रॅफिकला शिव्या घालण्यात जातो आणि शेवटी "कुणीतरी लक्ष घालायला पाहिजे" म्हणून सगळे घरी. म्हणून मीटिंग नंतर. आधी मुलं ज्या रस्त्याने चालत येतात त्याचा नकाशा काढा, हाताने काढला तरी चालतो, आणि शाळा भरायच्या-सुटायच्या वेळी दोनतीन पालकांनी तो रस्ता मुलांसोबत पायी चालून बघा. भीती कुठे वाटते ते मुलंच बरोबर सांगतात. क्रॉसिंगपाशी गुडघ्यावर बसून त्यांच्या उंचीवरून बघा, झेब्र्याला चिकटून गाडी लावलेली असली तर लहान पोराला पलीकडचं काही दिसतच नाही, ड्रायव्हरलाही पोरगं दिसत नाही आणि ते एकदम बोनेटसमोर येतं. फोटो काढा, वेळ लिहून ठेवा.

आता माणसं जोडायची. प्रत्येकाकडे एकच गोष्ट मागा, आणि ती त्याच्या हातातली असली पाहिजे.

प्रशासनाकडे "रस्ता धोकादायक आहे" असा अर्ज दिलात तर तो फाइलीत जाऊन बसतो. "या वळणावरचा झेब्रा पुसला गेलाय, या वेळेत इतकी मुलं क्रॉस करतात, हे फोटो" असं दिलं की निदान उत्तर तरी द्यावं लागतं. स्पीड कमी करा म्हणताना हिशोब सोबत ठेवा: ताशी ५० किमीने येणारी गाडी ड्रायव्हरला धोका दिसल्यापासून, जोरात ब्रेक मारूनसुद्धा, थांबेपर्यंत साधारण २८ मीटर जाते, ३० ने असेल तर १३ च्या आसपास. जिथे पायी माणसं आणि गाड्या एकत्र असतात तिथे लिमिट ३० ठेवा असं २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यातही (रस्ता सुरक्षेवरच्या जागतिक मंत्री परिषदेचा) आहे, तो दाखवा.

ट्रॅफिक पोलिसांकडे दिवसभर माणूस मागू नका, मिळणार नाही. गर्दीच्या तेवढ्या अर्ध्या तासापुरता मागा, आणि व्हॉलंटियर्सना ट्रेनिंग द्या म्हणावं. अधिकार नसताना पालकांनी स्वतः रस्त्यात उतरून गाड्या अडवायच्या नाहीत, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट करा.

व्हॅनवाल्यांना बोलवा पण झापायला नाही. त्यांना रस्ता आपल्यापेक्षा जास्त माहीत असतो, मुलं फुटपाथच्या बाजूला उतरतील अशी जागा त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला फुटपाथवरचं सामान तेवढ्या वेळेपुरतं आत घ्यायला सांगा, बरेचसे ऐकतात.

सगळ्यात अवघड गट म्हणजे आपण पालकच. गेटसमोरची अर्धी कोंडी आपल्याच गाड्यांची असते, आणि हे शाळेने सांगितलं तर राग येतो, दुसऱ्या पालकाने सांगितलं तर जरा पचतं. दोनतीनशे मीटर अलीकडे ड्रॉपची जागा ठरवा आणि तिथून मुलांना ग्रुपने चालत न्या. 'वॉकिंग स्कूल बस' म्हणतात ती हीच, ऑस्ट्रेलियात डेव्हिड एंग्विक्टने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मांडलेली आयडिया. एक मोठं माणूस पुढे, एक मागे, अगदी लहान असतील तर तीन मुलांमागे एक जण, जरा मोठी असतील तर सहांमागे एक. सुरुवात एकाच रूटने आणि आठवड्यातून दोनच दिवस करा, सगळे रूट एकदम काढले की पंधरा दिवसांत माणसं गळतात. मुलांसोबत कोण चालणार त्यांची चौकशी आणि नोंद शाळेनेच करायची, इथे ओळखीपाळखीवर भागवू नका.

व्हॉट्सॲप ग्रुप काढाल तर त्यावर फक्त उद्या कुणाची ड्यूटी आणि कोण येत नाहीये एवढंच, गुड मॉर्निंग तिथे नको. आणि जुन्या व्हॉलंटियर्सची मुलं मोठी होऊन शाळेतून बाहेर पडतात, त्यांच्यासोबत तेही जातात, त्यामुळे ॲडमिशनच्या दिवशीच शाळेत एक टेबल टाकून नवीन पालकांची नावं लिहून घ्या.