तणनाशक आणि मेंदू : या चुका टाळा

फवारून आल्यावर चक्कर नाही, मळमळ नाही, म्हणजे औषध बाधलं नाही, असा हिशेब शेतात सर्रास चालतो. पॅराक्वाट या तणनाशकाच्या बाबतीत तो फसतो. त्याच्याविषयी मेंदूच्या संशोधकांना शंका आहे ती कंपवाताची (पार्किन्सन), आणि तो आजार वर्षानुवर्षं आतल्या आत वाढतो. हात थरथरायला लागेपर्यंत मेंदूतल्या डोपामाइन (हालचालींवर ताबा ठेवणारं रसायन) बनवणाऱ्या बऱ्याच पेशी गेलेल्या असतात.

शंकेचं मूळ शेतात नाही. १९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी अचानक कंपवाताच्या म्हाताऱ्या रुग्णांसारखे जखडले. त्यांच्या बनावट नशेत एमपीटीपी हे रसायन निघालं. शरीरात त्यापासून जो पदार्थ तयार होतो, त्याची रचना पॅराक्वाटशी बरीच जुळते. पुढे २०११ मध्ये आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या फवारणी करणाऱ्यांच्या अभ्यासात पॅराक्वाट वापरलेल्यांत कंपवाताचा धोका सुमारे अडीच पट दिसला.

हा आकडा वाचून 'फवारलं की कंपवात' असं म्हणणं ही दुसरी चूक. मुळात आजार कमी जणांना होतो, आणि सगळ्या अभ्यासांचं एकमतही नाही. पण 'सिद्ध झालेलं नाही' म्हणून उघड्या हाताने औषध कालवणं ही मला त्याहून मोठी चूक वाटते. त्याच अमेरिकी शेतकऱ्यांच्या २०१५ च्या विश्लेषणात पॅराक्वाटचा संबंध हातमोजे क्वचित वापरणाऱ्यांतच दिसला!

सगळी तणनाशकं एकाच पोत्यात भरू नका. ग्लायफोसेट या दुसऱ्या तणनाशकावरचा गाजलेला वाद मुख्यतः कर्करोगाचा आहे; तो पॅराक्वाटच्या खात्यावर मांडू नये.

पंप गळून पाठ भिजली, तर 'हे तास संपवून बघू' नको. कपडे काढा, साबणाने अंग धुवा. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकू नका. उरलेलं औषध थंड पेयाच्या बाटलीत तर कधीच ठेवू नका; पॅराक्वाटचा एक घोटही जीव घेऊ शकतो आणि त्यावर उतारा नाही. कीटकनाशकाच्या काही विषबाधांत उपयोगी पडणारं अ‍ॅट्रोपिन इथे उतारा ठरत नाही. म्हणून दवाखान्यात 'फवारणीचं औषध' एवढंच सांगू नका, डबा किंवा त्यावरचं लेबल सोबत न्या.