एमजीबी आणि ईको यांची तुलना कशी करावी

जुनी स्पोर्ट्स कार आणि नवी छोटी व्हॅन यांची तुलना सहसा चेष्टेवारी नेली जाते. परंतु 1962 ते 1980 या काळात इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे तयार झालेली उघड्या टपाची एमजीबी आणि 2010 पासून आपल्याकडे शाळेच्या मुलांपासून पावाच्या लाद्यांपर्यंत सर्व काही वाहणारी मारुती ईको यांची मापे शेजारी मांडली, तर साम्य थक्क करणारे आहे. दोन्हींत इंजिनाची ओढ मागच्या चाकांना मिळते, ब्रेक पुढे डिस्क व मागे ड्रम असतात आणि रिकामे वजन हजार किलोच्या आसपास भरते.

तुलनेपूर्वी एमजीबीचे साल आणि ती कोणत्या बाजारासाठी बनली होती, हे निश्चित करावे. 1974 च्या उत्तरार्धात अमेरिकी नियमांमुळे तिला रबरी बंपर बसवून सुमारे एक इंच उंच करण्यात आले, आणि पुढे अमेरिकेसाठीच्या गाड्यांत दोन एसयू बनावटीच्या कार्ब्युरेटरांच्या (इंधनात हवा मिसळणाऱ्या भागांच्या) जागी एकच आल्याने ताकद साठ-बासष्ट अश्वशक्तीपर्यंत घसरली. अशी गाडी ताकदीत ईकोपेक्षा सरळसरळ उणी ठरते, मग तिचा दिमाख कितीही असो.

त्यानंतर ताकदीचे आकडे एकाच मापाने मोजलेले आहेत का, हे पाहावे. बहुतेकांची तुलना येथेच फसते. सुरुवातीच्या एमजीबीच्या 1798 सीसी इंजिनाची जाहीर ताकद 95 अश्वशक्ती होती, पण ती जुन्या, सढळ पद्धतीने मोजलेली होती. नंतरच्या काटेकोर पद्धतीत तोच आकडा 84 च्या आसपास येतो. ईकोच्या सध्याच्या 1197 सीसी पेट्रोल इंजिनाची ताकद सुमारे 80 आहे. एमजीबीचे वजन साडेनऊशे किलो आणि ईकोचे 940 किलो धरल्यास दर टनामागे अनुक्रमे 88 आणि 85 अश्वशक्ती येते, म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. तरीही एमजीबी चढावर गिअर न बदलता खेचते, कारण तिचा टॉर्क (इंजिनाचा पीळ देण्याचा जोर), जुन्याच मापाने का होईना, सुमारे 149 न्यूटन-मीटर आहे आणि ईकोचा 104. व्हॅनचे गणित मात्र रिकाम्या गाडीवर थांबवू नये. ईकोत 400 किलो भार घातला की तोच 85 चा आकडा 60 वर येतो, आणि व्हॅन तर भरण्यासाठीच घेतली जाते.

वेग वाढला की वजनापेक्षा हवेचा विरोध महत्त्वाचा ठरतो. रुंदी आणि उंची यांचा गुणाकार हा त्याचा ढोबळ अंदाज होय: एमजीबीचा 1.52 गुणिले 1.25, म्हणजे 1.9 चौरस मीटर, ईकोचा 1.475 गुणिले 1.825, म्हणजे जवळपास 2.7. वळणावरचा फरकही या उंचीतूनच येतो. मात्र ओल्या रस्त्यावर अचानक ब्रेक दाबावा लागला, तर नव्या ईकोतील एबीएसच्या (चाके जाम होऊ न देणाऱ्या ब्रेक यंत्रणेच्या) बाजूने मी निःसंकोच कौल देईन.

प्रत्यक्ष गाडी पाहताना एमजीबीच्या दाराखालील पत्र्याच्या पोकळ पट्टीकडे आधी जावे, कारण वेगळी चॅसी (खालचा सांगाडा) नसल्याने गाडीचा कणा तीच आहे. तिच्यावर चुंबक फिरवावे; चुंबक धरत नसेल तेथे गंजावर लांबी (पुट्टी) भरलेली असते. मग पुढची बाजू जॅकवर उचलून दार उघडून पाहावे, आणि ते अडकले तर किंमत न विचारता परत यावे. ईकोत पुढची सीट उचलून खालच्या इंजिनाची तेलगळती तपासावी आणि सरकते दार दोन-चार वेळा ओढावे. त्याचे घासलेले रोलर गाडी किती राबली आहे ते सांगतात.

खर्चाच्या रकान्यात एमजीबीसाठी दोन नोंदी हव्यात: शिशाविना पेट्रोल चालावे म्हणून व्हॉल्व्ह ज्यांवर टेकतात त्या कड्या (व्हॉल्व्ह सीट) कडक धातूच्या, आणि 20 टक्के इथेनॉल सोसणाऱ्या नव्या रबरी नळ्या. शिवाय पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक घेतला, तर तिचा नियमित किंवा व्यावसायिक वापर करता येत नाही. त्यामुळे प्रति किलोमीटर खर्च काढताना ईकोचे वार्षिक किलोमीटर एमजीबीच्या हिशेबात धरू नयेत.